चहातला च, चाकातला च

भिलाई-३ च्या घरातलं सामान बांधून झालं, तेव्हा एकच वस्तू उरली होती. खिडकीखालच्या टेबलावरचा खेमूचा कॉम्प्युटर. त्याच्यावर आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा झाकलेला, आणि त्या तुकड्यावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ. घरामागे रेल्वेचं यार्ड आहे. मालगाडीचे डबे एकमेकांना लागले की कपाटातली भांडी हलकेच वाजतात. आता भांडी पोत्यात होती, तरी तो आवाज झाला असं मला वाटत राहिलं.

खेमू माझा धाकटा भाऊ. त्याला दिसत नाही. आई होती तोवर दोघं इथे राहत होते. आई पावसाळ्यात गेली, आणि आता मी त्याला माझ्याकडे नागपूरला न्यायला आले होते. तो नको म्हणाला नव्हता. हो सुद्धा म्हणाला नव्हता. पलंगाच्या कडेला बसून मी काय काय उचलते आहे ते ऐकत होता.

साडीचा तुकडा काढला आणि वास आला. तापून थंड झालेल्या तारांचा, धुळीचा, जुन्या प्लॅस्टिकचा. आणि त्याच्या मागे कुठेतरी खसचा. खसचा वास खरा नसणार. खसच्या ताट्यांचा आमचा कूलर तर कारखान्याच्या सेक्टरमधल्या क्वार्टरबरोबरच सुटला. पण मला आला.

सेक्टरमधलं आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं होतं, मागे अंगण, अंगणात पेरूचं झाड आणि कपड्यांची तार. पांढरे कपडे तारेवर टाकले की संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर तांबूस पूड बसायची. ती झटकायची एक पद्धत होती. जोरात झटकलं तर पूड कापडात शिरायची, म्हणून आई फुंकर मारल्यासारखे हलके हेलकावे द्यायची. बाबा पोलादाच्या कारखान्यात होते. घरी आले की दारातच त्यांच्या अंगाला ग्रीसचा आणि उन्हात ठेवलेल्या लोखंडाचा वास यायचा. पाळीचा भोंगा झाला की सगळा सेक्टर हलायचा. स्कूटर सुरू व्हायच्या, कुकरच्या शिट्या व्हायच्या, कोणीतरी कोणालातरी हिंदीत हाक मारायचं. मराठी आमच्याकडे फक्त उंबऱ्याच्या आत होती. तीही बाबांच्या गावाकडची, तुमसरच्या बाजूची.

कॉम्प्युटर आला तो उन्हाळा मला कूलरच्या घरघरीसकट आठवतो. खोलीत अंधार, पडदे ओले, खसच्या ताट्यांवर पाणी टिपटिप पडतंय, आणि आम्ही दोघं एकाच कीबोर्डला चिकटलेले. डावीकडची बटणं माझी, उजवीकडची त्याची. गेम रणगाड्यांचा होता. कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीत तो लिनक्स नावाच्या फुकटच्या सिस्टीमसोबत मिळाला होता. बाकी पोरं चोरून उतरवलेले मोठे मोठे गेम खेळायची, ज्यात पाणी खऱ्या पाण्यासारखं चमकायचं. आमच्या रणगाड्यांना तर सावलीसुद्धा नव्हती.

खेमूला त्याचं काही वाटत नसे. "ग्राफिक्स पाहून गेम चांगला म्हणणारे लोक हॉटेलचा रंग पाहून जेवतात," तो म्हणायचा. तेव्हा तो पॉलिटेक्निकला होता, आणि त्याला प्रत्येक गोष्टीवर मत होतं. "आणि ताई, याचं आतलं सगळं दिसते. कोणी काय लिहिलं ते वाचता येते. नाही पटलं तं बदलवता येते."

त्याने ते बदलवलंही. छतावर माइक धरून कारखान्याचा भोंगा रेकॉर्ड केला आणि गेममध्ये घातला. कोणाचाही रणगाडा फुटला की आमच्या अंधाऱ्या खोलीत पाळी सुटायची. आई स्वयंपाकघरातून दचकून घड्याळाकडे पाहायची.

जेवताना तो बाबांना समजावायचा. बाबांचा फुकट मिळणाऱ्या कुठल्याच वस्तूवर विश्वास नव्हता.

"फुकट कोण देते रे? त्यात काहीतरी गोम असन," बाबा म्हणाले.

"बाबा, आपलं क्वार्टर पाहा ना. राहाचं आपण, पण भिताडात खिळा ठोकाचा तं ऑफिसले विचारा. रिटायर झाले का निघा. दुसऱ्या लोकाइचं सॉफ्टवेअर तसं आहे. हे तसं नाही."

"क्वार्टर चांगलं आहे आपलं," बाबा म्हणाले आणि भातावर वरण घेतलं.

मग हिवाळा आला. त्या हिवाळ्यात मी जिंकायला लागले.

पहिल्यांदा मला आनंद झाला. खेमूला हरवणं हे काही सोपं काम नव्हतं. मी माझा रणगाडा स्क्रीनच्या कडेने न्यायची, सरळ, न लपता, आणि तो शांतपणे समोर पाहत बसलेला असायचा. गोळा लागला की चिडायचा.

"तू लपून मारते."

"लपून कुठं? तुह्या बाजूनंच तं आली. दिसली नाही का तुले?"

आई जवळच बसून पोपटीच्या शेंगा सोलत होती. तिचा हात थांबला. मी ते पाहिलं, पण पाहून त्याचं काही केलं नाही. थंडीत शेंगांच्या सालांना ओला हिरवा वास येतो. तो वास आणि आईचा थांबलेला हात, हे दोन्ही माझ्या मनात आता वेगळे करता येत नाहीत. थोड्या वेळाने ती पुन्हा सोलायला लागली, पण दाणे सालांच्या ढिगात टाकत होती आणि सालं वाटीत.

नंतर तो संध्याकाळी सायकलवरून येताना उभ्या स्कूटरवर आदळला. पाण्याचा पेला त्याच्या कोपराने पडायचा, उंबऱ्याला पाय लागायचा. रायपूरच्या डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यात बराच वेळ उजेड टाकला आणि मग आईबाबांना आत बोलावलं. मी बाहेर बाकावर खेमूजवळ बसले होते. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता. हिंदीत जे सांगितलं गेलं होतं ते त्यांनी आम्हाला मराठीत सांगायचा प्रयत्न केला. बाजूचं आधी जाते, म्हणाले. मग हळूहळू मधातलं. औषध नाही आहे.

परतीच्या लोकलमध्ये आई खिडकीशी बसली होती. गाडी सुटल्यावर ती बाहेर पाहतच बोलली.

"माह्या भावाचंबी असंच झालतं. दिवा लागला का तो घराबाहेर निंगे नाही. मग डोरेच गेले."

"तू आधी कावून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगून काय झालं असतं, बाई?"

खेमू समोर बसला होता. त्याने सगळं ऐकलं. मग त्याने विचारलं, "मामा मग दिवसभर काय करे?"

"बसे," आई म्हणाली. "खाटीवर बसे."

त्यानंतर घरात त्या मामाचं नाव निघालं नाही. पण मला वाटतं, पुढची सगळी वर्षं खेमू त्या खाटेपासून दूर पळत होता.

त्याचं दिसणं नळीसारखं होत गेलं. तो मॉनिटर पुढे ओढायचा, मग अजून पुढे. अक्षरं मोठी करायचा, इतकी की स्क्रीनवर एकच शब्द मावायचा. तरी त्या शब्दाचे काने-मात्रे सापडेनात, तेव्हा एका दुपारी त्याने मॉनिटरची वायर काढली आणि तो उचलून पलंगाखाली ठेवला. टेबलावर जी चौकोनी स्वच्छ जागा उरली, तिथे आईने लगेच औषधाच्या बाटल्या मांडल्या.

मग त्या खोलीत एक तिसरा माणूस आला. निदान आम्हाला तसं वाटायचं. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. हाही उघडा, फुकटचा, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला. तो इंग्रजी बरी वाचायचा. मराठी वाचायला लावली की पत्र्यावर खिळे पडल्यासारखं वाजायचं. त्याला च कळत नव्हता. चहातला च आणि चाकातला च त्याला एकच. चुना, चूल, चांदणं सगळं तो चहासारखंच म्हणायचा, एखाद्या परप्रांतीय पाहुण्यासारखं.

"याले आपल्यासारखं बोलाले शिकवतो," खेमू म्हणाला.

आणि त्याने ते काम धरलं. आई तांदूळ निवडत बसायची आणि तो तिला शब्द विचारायचा.

"आई, चमचा म्हण."

"चमचा."

"आता चंद्र."

"चंद्र. कावून रे?"

"पाह्य, तुले माहीत आहे. कोणी शिकवलं नाही, तरी माहीत आहे. याले एकेक सांगा लागते."

ळ आला की मात्र आईचा उपयोग नव्हता. आमच्या गावच्या जुन्या माणसांच्या बोलीत ळ नाही. डोळा म्हण म्हटलं की ती डोरा म्हणायची, काळा म्हण म्हटलं की कारा, आणि खेमू इतका हसायचा की आई तांदळाचं सूप घेऊन उठून जायची. ळ साठी मग मी. शाळेत मराठी विषय घेतल्याचा घरात मला झालेला एवढाच उपयोग.

ती वर्षं वाईट नव्हती. हे लिहिताना मला ते मुद्दाम लिहावंसं वाटतं. दृष्टी पूर्ण गेली होती आणि खेमू खूश होता. त्याने केलेले बदल त्या प्रोग्रॅममध्ये घेतले गेले. कुठल्याशा थंड देशातला, स्वतःही अंध असलेला एक म्हातारा सगळ्यांचे बदल तपासून जोडायचं काम सांभाळायचा. तो खेमूला लांबलचक मेल पाठवायचा, आणि खेमू ते त्या कूलरच्या घरघरीत आवाज मोठा करून ऐकायचा. लातूरकडच्या एका अंध मास्तरांनी लिहिलं की आता पोरांच्या धड्यातला चांदोबा नीट ऐकू येतो. तो मेल त्याने आईला ऐकवला. आई म्हणाली, "मास्तरले चहाले बोलाव." लातूर किती लांब आहे ते तिला ठाऊक नव्हतं.

रणगाड्यांच्या गेमलाही त्याने हात घातला. इंजिनचे आवाज असे बसवले की कानाला हेडफोन लावला की शत्रू डावीकडे आहे की उजवीकडे, जवळ आहे की लांब, ते कळावं. मी लग्न होऊन नागपूरला गेले होते. दिवाळीला आले की आम्ही बसायचो. मी स्क्रीनकडे पाहायची, त्यासाठी पलंगाखालचा मॉनिटर बाहेर काढावा लागायचा. तो डोळे मिटून बसायचा, आणि मला हरवायचा.

"तुमाले दिसते म्हणून तुम्ही ऐकत नाही," तो म्हणायचा. "गेम डोळ्यानं नाही, कानानं खेळाची वस्तू आहे."

"तुले जे सोपं जाते ते चांगलं," मी म्हणायची.

"मंग? सगळेच असंच करतात. मी कबूल तं करतो."

बाबा निवृत्त झाले. क्वार्टर सोडायचं पत्र आलं तेव्हा त्यांनी भिंतीतला एकुलता खिळा पक्कडीने ओढून काढला आणि त्या भोकात चुना भरला. भिलाई-३ च्या या घरात ते फार दिवस जगले नाहीत. इथून भोंगा नीट ऐकू येत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

खेमूला जामुलमध्ये नोकरी लागली. सिमेंटचे ट्रक चालवणाऱ्या एका शेठचं ऑफिस होतं. कोणता ट्रक कुठे गेला, काय घेऊन गेला, त्याच्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, कॉम्प्युटरवर चढवायच्या. ड्रायव्हर वाचून दाखवायचे आणि खेमूची बोटं चालायची. सकाळच्या बसचा कंडक्टर त्याला पुढची सीट ठेवायचा. संध्याकाळी तो परत यायचा तेव्हा त्याच्या केसांत राखाडी सिमेंट असायचं आणि आई ते फडक्याने पुसायची. बाबांच्या अंगाचा वास लोखंडाचा होता, याच्या अंगाचा सिमेंटचा. आईला तो वास आवडायचा. कामावरून आलेल्या माणसाचा वास, असं ती म्हणायची.

मग शेठच्या ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर आलं. मोठ्या सगळ्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी तेच घेतलं होतं, त्यामुळे यांनाही घ्यावं लागलं. त्या सोमवारी खेमू हेडफोन लावून बसला, आणि स्क्रीन रीडर नुसता "रिकामं, रिकामं, बटण, रिकामं" म्हणत राहिला. बटणांना आत नावंच दिली नव्हती. पाहणाऱ्याला चित्रं दिसत होती. ऐकणाऱ्याला काही नव्हतं.

मी त्या आठवड्यात फोन केला तेव्हा तो भडभड बोलत होता. इतका राग मी त्याच्या आवाजात कधी ऐकला नव्हता.

"ताई, एवढंसं काम आहे. बटणाले नाव द्याचं. माह्याजवळ दिलं असतं तं दोन दिवसात करून दिलं असतं. पण मले आत जाऊच देत नाहीत. लिहिलं कंपनीले. तर म्हणतात, आपकी राय हमारे लिए महत्त्वपूर्ण है."

"पुन्हा लिहून पाह्य."

"लिहून राहिलो. रोज लिहून राहिलो."

शेठ वाईट माणूस नव्हता. त्याने बराच काळ खेमूला बसू दिलं. काही काम नसताना ऑफिसात बसायचं, फोन उचलायचे, चहा प्यायचा. पण एक दिवस खेमू स्वतःच म्हणाला की उद्यापासून येत नाही. शेठ म्हणाला, "बेटा, तू तो हीरा है, सिस्टीम ही ऐसा आ गया." हे वाक्य खेमू नंतर कितीतरी वेळा सांगायचा, शेठच्याच आवाजात, आणि हसायचा. ते हसू ऐकवत नसे.

त्यानंतर आणखी एक गोष्ट झाली. थंड देशातल्या त्या म्हाताऱ्याचे मेल यायचे थांबले. दुसऱ्या कोणीतरी सगळ्यांना कळवलं की ते वारले. काही दिवस चार-पाच जणांनी काम वाटून घेऊ म्हटलं. मग कोणी काही म्हणेना. खेमूने दुरुस्त्या पाठवल्या, त्या घ्यायला पलीकडे कोणी नव्हतं. सिस्टीम अपडेट झाली तसा मराठी आवाज अधूनमधून अडायला लागला. मग च पुन्हा एकच झाला.

"तू एकटा नाही का सांभाळू शकत?" मी विचारलं होतं.

"शकतो. पण कोणासाठी?" तो म्हणाला. "आता फोन बोलते ना सगळ्याइचा. कंपनीचा आवाज आहे, गोड आहे. मास्तरनंबी तोच घेतला असन."

आणि आईने साडीचा तुकडा झाकला. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा आले, खेमू पलंगाच्या कडेला बसलेला असायचा. आई स्वयंपाकघरातून त्याच्याकडे पाहायची. तिला तिथे काय दिसायचं ते मला माहीत होतं.

"ताई, तो लाव एकदा," खेमू आता म्हणाला.

मी वायर लावली. पंखा कुरकुरत सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. खूप वेळाने तो पत्र्यासारखा आवाज आला आणि त्याने काहीतरी अर्धवट वाचलं. खेमू खुर्चीवर बसला. बोटं विसरली नव्हती. त्याने थोडा वेळ काहीतरी केलं आणि मग तो बंद केला.

"काय केलं?"

"पासवर्ड काढला. ज्याच्या हाती जाईन त्याले उघडता आला पाह्यजे."

मी तो कॉम्प्युटर नागपूरला नेऊ म्हटलं. तो नाही म्हणाला. तुह्या घरी जागा कुठं आहे, म्हणाला. जागा होती. पण त्याचा प्रश्न जागेचा नव्हताच.

भंगारवाला ठेला घेऊन आला. मी त्याला म्हटलं, चालू आहे, कोणाला तरी वापरायला होईल. त्याने कॅबिनेट हातात तोलून पाहिलं.

"चालू रहय के बंद, दीदी, हमर बर तो लोहा ए," तो म्हणाला. त्याच्यासाठी ते लोखंडच होतं.

त्याने ते ठेल्यावर तसंच नेलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याला तांबं आणि पत्रा वेगळा हवा होता, आणि आमच्या दारासमोर सावली होती. तो तिथेच बसला आणि त्याने हातोडी काढली. खेमू चौकट धरून दारात उभा राहिला. पहिला घाव पत्र्यावर पडला.

"खेमू, आत चाल."

"थांब," तो म्हणाला. "पंखा काढला त्यानं."

मग पॉवर सप्लायचा डबा फुटला. तेही त्याने ओळखलं, ओठ हलवून, हळू. मग हातोडी एका जड, बंद वस्तूवर पडली, त्याने लिहिलेलं सगळं जिच्यात साठलं होतं. आवाज वेगळा होता, दबका, भरीव. एकदा, दोनदा. खेमूने तिचं नाव घेतलं नाही. त्याने फक्त चौकटीवरचा हात काढून खिशात घातला.

ठेल्याची चाकं खडीवरून लांब जाईपर्यंत आम्ही तिथे उभे होतो. मग मी कुलूप लावलं. दुर्गला जाणारी ऑटो सेक्टरच्या बाजूने गेली. रुंद रस्ते, दोन्हीकडे झाडं, रिकाम्या क्वार्टरांच्या खिडक्यांच्या चौकटीही कोणी काढून नेलेल्या. आपण कुठून चाललो आहोत ते मी सांगितलं नव्हतं. एका वळणावर त्याने मान किंचित डावीकडे वळवली. आमची गल्ली तीच.

गाडीत तो खिडकीशी बसला. राजनांदगाव गेलं, डोंगरगड गेलं. बाहेर संध्याकाळ झाली आणि डब्यात दिवे लागले. मला वाटलं त्याला झोप लागली. तेवढ्यात त्याने विचारलं,

"ताई, तुह्या घरचे दरवाजे आत उघडतात का बाहीर?"

मी सांगायला तोंड उघडलं. समोरचा दरवाजा, मधल्या खोलीचा, बाथरूमचा. इतकी वर्षं रोज उघडत आले आहे मी ते. एकही आठवेना.

"पाहून सांगते," मी म्हणाले.

"हो," तो म्हणाला. "पाहून सांग."